रोश खोदेशची बायकांची बैठक, अशदोद : तीन महिन्यांचा अनुभव

अमावस्या सरली, नवा यहुदी महिना लागला, म्हणजेच रोश खोदेश आला, की इस्रायलमधल्या अशदोदला ही बैठक भरते. रोश खोदेशला बायकांनी कामाला सुट्टी द्यायची जुनी रीतच आहे. आमच्या सूनबाईने ढकललं म्हणून गेले. फी साठ शेकेल (इथलं चलन), चहा धरून.

खल्लाचा, म्हणजे पावाच्या पिठातून देवाचा वाटा काढायचा भाग सगळ्यांत छान. बराखा, म्हणजे त्या वेळची आशीर्वादाची प्रार्थना, म्हणायची तर पीठ साधारण पावणेदोन किलो लागतं, म्हणून परातीत दोन किलो मैदा, भोवती आठ जणी, कोपरापर्यंत चिकट. लिंबाएवढा गोळा बाजूला काढून बराखा झाली, की एकेकीने आजारी माणसाचं नाव घ्यायचं. मी धाकट्या बहिणीचं घेतलं. शेजारच्या मोरोक्कन बाईने पिठाच्या हातानेच माझा हात धरला. तो गोळा इथे फॉइलमध्ये गुंडाळून जाळतात. आई ठाण्याला चुलीतच टाकायची.

नंतरचं श्वासाच्या व्यायामाचं प्रकरण मात्र फार लांबतं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माझे गुडघे बोलायला लागतात. शिकवणारी हिब्रू इतकी भरभर बोलते की निम्मं डोक्यावरून जातं.

गेल्या वेळी मी मलिदा नेला, पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे आमच्या एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन वाटला. ताट पाच मिनिटांत रिकामं. पुढच्या महिन्याचे पैसे भरलेत; उशी घरून नेणार.