नवी म्हणून गळ्यात मारलेली ब्रेक डिस्क

आईला डोळे दाखवायला छत्रपती संभाजीनगरला नेलं होतं. परत धुळ्याला येताना चाळीसगावच्या आधी कन्नडचा औट्रम घाट लागतो. घाट उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग हातात थडथडायला लागलं. पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, जळका वासही आला. गिअर खाली टाकत गाडी कशीबशी कडेला घेतली. आईच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तिला नीट दिसत नव्हतं. ती सारखी विचारत होती, "काय व्हयनं रे भाऊ?"

पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक डिस्क, म्हणजे पॅड ज्यांना चिमटून चाक थांबवतात त्या लोखंडी चकत्या, मी अकरा दिवसांपूर्वीच बदलल्या होत्या. नव्या आणून, स्वतःच्या हाताने.

ब्रेकचं काम मी घरीच करतो आणि नीट करतो. जॅकच्या भरवशावर न राहता गाडीखाली लोखंडी घोड्या (स्टँड) लावतो. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, काढला की तारेने वर टांगतो, ब्रेकच्या पाइपवर त्याचा भार येऊ देत नाही. हबवरचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा, गंज वायर ब्रशने साफ करूनच डिस्क बसवतो, कारण तिथे गंजाचा कण राहिला तरी डिस्क वाकडी फिरते. पॅडही या वेळी नवेच टाकले होते आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत मारलं होतं. म्हणून घाटातून घरी आल्यावर पहिला संशय मला मालाचाच आला.

तो माल मी धुळ्याबाहेरच्या एका दुकानातून आणला होता. दुसरीकडे जोडीचे 3,800 सांगत होते, इथे 2,600. दुकानदार आपल्या बोलीत बोलणारा, चहा पाजणारा. म्हणाला, "आपला मानूस शे तू, तुले खोटा माल देसू का भाऊ?" आपल्या खान्देशात हे वाक्य कानावर पडलं की माणूस निम्मा विरघळतो. बिल मागितलं तर म्हणाला, उगीच जीएसटी भरावा लागेल. पैसे क्यूआर स्कॅन करून दिले, त्यावर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा तिसऱ्याच माणसाचं होतं. आणि शेवटी, "जुन्या डिस्क आणून दे, त्याचे दोनशे परत देतो." मी नेऊन दिल्याही.

घाटातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी चाकं काढली आणि जाडी मोजायचं व्हर्नियर लावलं. माझ्या जुन्या डिस्कच्या कडेवर कंपनीने किमान जाडी 18 मिलिमीटर अशी कोरलेली होती. ती 18.1 भरली म्हणून तर मी बदलायला घेतली होती. ही 'नवी' भरली एका बाजूला 17.3 आणि दुसऱ्या बाजूला 17.1. म्हणजे काढून टाकली तिच्यापेक्षा पातळ डिस्क मी विकत घेऊन बसवली होती. जुनी मोजताना व्हर्नियर हातात होतं, नवी मोजायचं मनातही आलं नाही.

अवधान एमआयडीसीत लेथ (धातू कातायचं यंत्र) चालवणारा माझा मावसभाऊ आला. त्याने डिस्क उन्हात तिरकी धरली आणि कडेवर बोट ठेवलं. जिथे आकडा असायला हवा, तिथे ग्राइंडर फिरवून वर चंदेरी रंग मारलेला होता. मग डिस्कच्या मधल्या हवेच्या फटींत त्याने सायकलचा स्पोक घालून टोकरलं. आधी तांबूस भुकटी पडली आणि मग नखाएवढा वाळलेला खपला. काळी माती! कुठल्या तरी वावरातून आलेल्या गाडीची, पॅक पेटीतल्या डिस्कमध्ये.

भंगारातल्या डिस्क घेऊन त्यांचे दोन्ही तोंड लेथवर साफ करायचे, रंग मारून पेटीत भरायचे, हा तो धंदा. डिस्क पातळ झाली की उष्णता साठवायला लोखंडच कमी उरतं. गावात फिरताना कळत नाही. घाटात सलग ब्रेक लागले की ती लवकर तापते आणि सगळं उघडं पडतं. माझ्या जुन्या डिस्क दोनशे रुपयांत त्या दुकानदाराने कशाला घेतल्या असतील, हा विचार डोक्यातून जात नाही. पुरावा माझ्याकडे नाही.

परत गेलो तर चहा नव्हता. "बसवलेला माल आम्ही परत घेत नाही, तुम्हीच नीट बसवली नसेल." तूचा तुम्ही झाला होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला. बिलाशिवाय प्रकरण लंगडं पडतंय, पण पेमेंटची नोंद आणि डिस्कची पेटी जपून ठेवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ती मी करणार आहे.

तुम्ही डिस्क घ्यायला जाल तेव्हा पेटी दुकानातच उघडा. "पेटी फोडली तर माल परत नाही" असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. कडेवरचा आकडा वाचा, दोन-तीन जागी जाडी मोजा, फटींत तार घाला. बिल घ्याच. आणि जुन्या डिस्क कुणालाही अख्ख्या देऊ नका.

आता पक्क्या बिलाची जोडी बसवली आहे, काउंटरवरच मोजून घेतली. त्या फसव्या दोन्हींपैकी एक तक्रारीसाठी कपाटात आहे. दुसरीचे मावसभावाने माझ्यासमोर कटरने दोन तुकडे केले, मगच ती भंगारवाल्याला दिली.