स्मरणशक्तीचे खेळ की फळ्यावरची यादी?

"वही काढा, तारीख घाला, पान ४२ उघडा, तिसरं गणित सोडवा आणि झालं की वही टेबलावर ठेवा." एका दमात पाच सूचना. दोन मिनिटांत मागच्या बाकावरून प्रश्न येतोच: "कुठलं पान?" मूल आळशी नसतं, एका वेळी डोक्यात धरून ठेवायला जागाच अपुरी पडते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मोठ्या माणसांसाठीही ही मर्यादा साधारण चार गोष्टींची सांगितली. लहानांची त्याहून कमी.

ही जागा वाढावी म्हणून खेळवले जाणारे संगणकावरचे स्मरणखेळ मुलांना आवडतात, गुणही वाढतात, पण त्या खेळातलेच. मेल्बी-लर्वोग आणि ह्यूम या संशोधकांनी २०१३ मध्ये अशा सरावावरच्या अभ्यासांचा घेतलेल्या आढाव्यात वाचन-गणितावर खात्रीलायक परिणाम दिसला नाही.

फळ्यावरची यादी दिसायला अगदीच साधी. पायऱ्या लिहायच्या, झालेल्या पायरीवर खूण करायची. ओझं डोक्यातून फळ्यावर जातं (शिक्षकाचा घसाही वाचतो). मात्र ती कायमची कुबडी होऊ द्यायची नाही. काही आठवड्यांनी मुलांनाच विचारायचं, "आधी काय, मग काय?" आणि यादी त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची. खरं नियोजन ती तिथे शिकतात. माझ्या हातात वेळापत्रक असेल, तर खेळांना महिन्यातून एखादा तास, फळा मात्र रोज.