पशुवैद्यकाच्या अभ्यासाला अँकी: दोन सत्रांनंतरचं मत

परदेशात पशुवैद्यकाला आल्यापासून अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांवरून उजळणी करून घेणारं ॲप रोज वापरतेय. ॲप चांगलं आहे, पण एकटीने वापरलं असतं तर पहिल्या तोंडी परीक्षेनंतर नक्की सोडून दिलं असतं.

आमच्याकडे प्राणी एक नसतो, खरी अडचण तिथे आहे. वक्षाचे मणके कुत्र्याला १३, घोड्याला १८, डुकराला बहुधा १४ किंवा १५. गाईला पित्ताशय असतं, घोड्याला नसतं. वाचताना सगळं सोपं. परीक्षकाने हाड हातात ठेवलं की सगळे प्राणी एकमेकांत मिसळतात. अँकी विसरायला आलेलं नेमकं पुढ्यात आणतं. चित्रावरची नावं झाकून विचारायची सोय २०२३ पासून आतच आहे, स्नायूंसाठी तिला तोड नाही.

तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, मला फारसे उपयोगी पडले नाहीत. बरेचसे माणसांच्या वैद्यकाचे निघाले. कामी आली ती एका सीनियर ताईने दिलेली कार्डं. परीक्षक कुठे अडवतात, हे त्यांत लिहिलेलं होतं. मग आम्ही वर्गातल्या काही जणांनी डिसेक्शनचे भाग वाटून घेतले आणि ज्याने जे कापलं त्याची कार्डं त्याने करायची असं ठरवलं. एकाच डेकवर सगळ्यांनी मिळून काम करायची मूळ सोय अँकीत नाही, म्हणून फायली जुळवायला दर आठवड्याला बसावं लागतं. आधी वैताग यायचा. पण कोण दोन आठवडे फिरकलं नाही, हे तिथेच लक्षात येतं आणि कोणीतरी त्याच्या खोलीवर जाऊन दार वाजवतं. नापास झाल्याचं, घरच्यांशी खोटं बोलल्याचं, घरमालकाशी भांडण झाल्याचं, सगळं त्याच टेबलावर निघतं. समुपदेशकाकडे वेळ कशी घ्यायची हेही मला तिथेच कळलं.

तक्रारी: आयफोनवर एकदाच पण बऱ्यापैकी पैसे मोजावे लागतात (संगणक आणि अँड्रॉइडवर फुकट). सुट्टीत चार दिवस उघडलं नाही तर साचलेल्या कार्डांचा ढीग बघून झोप उडते. रोज २० नवीन कार्डं ही मूळ मर्यादा तीन विषय सुरू असताना जास्तच आहे, मी ती निम्म्यावर आणली. आणि बिथरलेल्या गाईजवळ उभं कसं राहायचं, ते कार्डावर येत नाही. त्याला गोठाच लागतो.

पुढच्या सत्रात औषधशास्त्र आहे. मांजराला पॅरासिटामॉल का द्यायचं नाही, याचं कार्ड कोणीतरी आत्ताच टाकून ठेवलंय.