बोअरचं पाणी की शुद्ध केलेलं सांडपाणी? अंजीर-डाळिंबाच्या बागायतदारासाठी

एप्रिलमध्ये बोअर उचक्या द्यायला लागली की शहरातून येणाऱ्या पाण्याकडे लक्ष जातंच. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) पुण्याचं प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कालव्याने हवेली-दौंडकडे जातं. पुरंदर उपसा योजना मुळा-मुठेचं पाणी उचलून अंजीर-सीताफळाच्या भागात नेते. दोन्हीत एक फरक विसरू नका: शुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन आलेलं पाणी वेगळं आणि नदीत नाले मिसळलेलं पाणी वेगळं. इथली तुलना पहिल्या पाण्याची आहे.

खात्रीच्या बाबतीत सांडपाणी सरळ जिंकतं. शहराला पुरवलेल्या पाण्याचा साधारण ८० टक्के भाग सांडपाणी होऊन परत येतो, तोही बारा महिने. दुष्काळात विहीर तळ गाठते, तेव्हाही शहरातल्या मोऱ्या वाहत असतात. बाग जगवणं हाच प्रश्न असेल, तर बाकीचं सगळं नंतर बघा.

खताचं मात्र जरा हिशोबाने बोलू. लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र धरलं आणि एकराला वर्षात १५ लाख लिटर पाणी दिलं, तर ३० किलो नत्र जमिनीत जातं. म्हणजे युरियाच्या जेमतेम दीड गोण्या. ४५ किलोची गोणी २६७ रुपयांच्या आसपास मिळते, तेव्हा चारशे रुपयांच्या बचतीसाठी कुणी पाणी बदलू नये. स्फुरद-पालाशही थोडं मिळतं, ते जमेला धरा.

खरी अडचण वेगळीच आहे. गोणीतला युरिया आपण घराच्या कोपऱ्यात ठेवू शकतो, पाण्यात विरघळलेलं नत्र ठेवता येत नाही. डाळिंबाला बहार धरताना, म्हणजे ठरवून फूल आणताना, ताण द्यायचा असतो, म्हणजे पाणी बंद ठेवायचं असतं; ताण तोडल्यावर फूल हवं असतं. त्या दिवसांत प्रत्येक पाळीबरोबर नत्र गेलं तर झाड शेंड्यांकडे पळतं, पालवी मारतं आणि फूल कमी येतं. म्हणून बोअर किंवा शेततळं पूर्ण सोडू नका. बहार धरण्याच्या दिवसांसाठी स्वच्छ पाणी राखून ठेवा आणि फळ फुगवणीला सांडपाणी वापरा. हा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं.

मग मीठ. बोअरचं पाणी चांगलंच, असं समजू नका. खोल बोअर पुष्कळदा खारट असते. दोन्हींची ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप (डेसीसिमेन्स प्रति मीटर), मोजून घ्या. ०.७ च्या आत निर्धास्त, ३ च्या वर धोका, मधे जमीन बघून ठरवा. साबण-डिटर्जंटमधून येणारं सोडियम काळ्या चिकण जमिनीत घात करतं: माती घट्ट बसते, निचरा मंदावतो, मुळांना हवा मिळत नाही. इस्रायल आपलं जवळपास ९० टक्के सांडपाणी शेतीला वापरतो, तरी तिथे चिकण जमिनीतल्या अव्होकाडो आणि लिंबूवर्गीय बागांना वर्षानुवर्षे हेच पाणी दिल्यावर त्रास झालेला आहे. मुरमाड, निचऱ्याची जमीन आणि वर डाळिंब असेल तर मला काळजी वाटत नाही. काळ्या जमिनीतल्या मोसंबीला मी हे पाणी एकटं कधीच देणार नाही, बोअरमध्ये मिसळूनच.

रोगजंतूंचा प्रश्न फळानुसार बदलतो. डाळिंबाचं साल सोलतो, अंजीर सालासकट खातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १०० मिलिलिटरमागे १००० विष्ठाजन्य जंतूंची मर्यादा सांगितली होती. पाणी तपासणीच्या अहवालात आकडा त्याच्या वर असेल तर अंजिराला फक्त ड्रिप, तीही फळाला थेंब लागणार नाही अशी. पडलेलं फळ बाजारात नेऊ नका. काम करणाऱ्या बायाबापड्यांना गमबूट-हातमोजे द्या, भाकरी खाण्याआधी हात धुवायला साबण द्या. हा खर्च मला खतापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

ड्रिपला बोअरसाठी जाळीचा फिल्टर पुरतो. सांडपाण्याला सँड फिल्टर आणि डिस्क फिल्टर दोन्ही लागतात, शिवाय लॅटरल (झाडांच्या ओळीतली ड्रिपची नळी) वरचेवर फ्लश करावी लागते. नाहीतर शेवाळ्याने ड्रिपर बंद पडतात.

पाण्याचा नमुना एप्रिल-मेमध्ये घ्या, पावसाळ्यात नको. उन्हाळ्यात मीठ सर्वांत जास्त असतं आणि तुम्हाला पाणीही तेव्हाच लागतं.