आरओआधी काय बसवावं: सॉफ्टनर, अँटिस्केलंट की अ‍ॅसिड डोसिंग?

आरओच्या (मेम्ब्रेन म्हणजे बारीक पडद्यातून पाणी शुद्ध करणारा प्लांट) शेवटच्या स्टेजचा प्रेशर ड्रॉप वाढतोय आणि तिथलंच उत्पादन घटतंय, तर पहिला संशय स्केलचा, म्हणजे मेम्ब्रेनवर बसणाऱ्या क्षारांच्या थराचा घ्यावा. 75 टक्के रिकव्हरीला (आत आलेल्या पाण्यातलं 75 टक्के शुद्ध मिळतं) रिजेक्टमधले, म्हणजे बाहेर टाकायच्या पाण्यातले क्षार फीडच्या, म्हणजे आत येणाऱ्या पाण्याच्या चौपट होतात. थर सुरू होतो तो तिथूनच.

आधी सॉफ्टनरचा हिशेब करा. ताशी 10 घनमीटर पाणी, हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) 300 पीपीएम म्हणजे लिटरला 300 मिलिग्रॅम, प्लांट रोज 20 तास. दिवसाला 60 किलो हार्डनेस आला. लिटरभर रेझिन (सॉफ्टनरमधले हार्डनेस पकडणारे दाणे) साधारण 50 ग्रॅम पेलतं, म्हणजे रोज एकच रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करणं) ठेवायचं तर 1200 लिटर रेझिन हवं. लिटरभर रेझिनमागे 120 ग्रॅम मीठ धरलं तर रोजचं मीठ 144 किलो, आणि ते खारं पाणी सोडायचं कुठे हा प्रश्न उरतोच. त्याच पाण्याला 3 पीपीएम अँटिस्केलंट दिलं तर दिवसाला 600 ग्रॅम लागतं. एवढ्या क्षमतेच्या आरओला आमचा कौल अँटिस्केलंटलाच.

पण त्याची मर्यादा ओळखून. सॉफ्टनर कॅल्शियम काढून टाकतो. अँटिस्केलंट ते पाण्यातच ठेवून स्फटिकांची वाढ काही काळ रोखतं. म्हणून प्लांट थांबला की लगेच परमिएटने (आरओतून निघालेल्या शुद्ध पाण्याने) फ्लशिंग हवं, नाहीतर रिजेक्टचं पाणी मेम्ब्रेनमध्ये साचून तिथेच थर धरतं. डोसिंग पंपात हवा अडकली तर स्ट्रोक पडत राहतात, पण थेंबही पुढे जात नाही. नुसत्या टिकटिकीवर विसंबू नका. दर शिफ्टला कॅलिब्रेशन सिलिंडरवर (पंपाला जोडलेल्या मोजनळीवर) मोजा. डोस वाढवून जास्तीचं संरक्षणही मिळत नाही: फीडमध्ये लोह किंवा कॅटायनिक पॉलिमर (गाळ खाली बसवायला वापरतात ते धनभारित रसायन) असेल तर त्यांच्याशी मिळून चिकट गाळ होतो आणि तोच मेम्ब्रेनवर बसतो.

अ‍ॅसिड फक्त कार्बोनेटच्या थरावर चालतं. सल्फ्युरिक वापरलं तर सल्फेट वाढतं, आणि कॅल्शियम सल्फेटचा थर सायट्रिक अ‍ॅसिडच्या सीआयपीला (मेम्ब्रेन न काढता जागेवरच धुण्याला) दाद देत नाही. शिवाय तयार झालेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेनमधून आरपार जातो, त्यामुळे परमिएटचा पीएच उतरतो.

सिलिका ना सॉफ्टनर काढतो, ना अ‍ॅसिड. फीडमध्ये 35 पीपीएम असेल तर 75 टक्क्यांना रिजेक्टमध्ये 140 होते. 25 अंशाला विरघळण्याची मर्यादा सुमारे 120. रिकव्हरी 70 वर आणली तर 117. तेही काठावरच, म्हणून सिलिकासाठीचं खास अँटिस्केलंट लागतं.

आरओ नसेल आणि पाणी थेट बॉयलरला जाणार असेल, तर सॉफ्टनरच घ्या.