शरद ऋतूतील निवांत प्रवासासाठी सिसिली की क्रीट?

उन्हाळ्यातील गर्दी ओसरल्यावर भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर दोन आठवडे धावपळ न करता राहावे, असे ठरवणाऱ्यांच्या विचारात सिसिली आणि क्रीट ही दोन नावे हमखास असतात. सिसिली इटलीचे, तर क्रीट ग्रीसचे; हे दोन्ही देश एकच व्हिसा चालणाऱ्या शेंगेन क्षेत्रात असल्याने व्हिसाच्या दृष्टीने फरक पडत नाही. निवड ठरते ती दोन गोष्टींवर: आपण नेमक्या कोणत्या पंधरवड्यात जाणार आहोत, आणि आपल्यापैकी कोणी तेथे गाडी चालवणार आहे का?

ऑक्टोबरच्या पूर्वार्धात क्रीटला तोड नाही. हवा उबदार, समुद्राचे पाणी पोहण्याजोगे आणि हानिया शहराच्या, व्हेनिसच्या राजवटीतील जुन्या बंदरावर संध्याकाळी बसायला जागा, हे सारे तेव्हा एकत्र मिळते. मात्र तेथील पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरअखेर आटोपतो. १६ किलोमीटर लांबीची सामारियाची घळ हिवाळ्यासाठी बंद होते, किनाऱ्यावरील अनेक हॉटेले कुलूपबंद होतात आणि लूत्रोसारख्या, जेथे मोटाररस्ता पोहोचतच नाही अशा दक्षिणेकडील गावांना जाणाऱ्या बोटी कमी होतात. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीला जोडून जायचे असेल आणि त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात येत असेल, तर मी क्रीट सुचवणार नाही. सिसिलीतील कातानिया, पालेर्मो, सिराकुझा ही शहरे पर्यटकांवाचूनही वर्षभर गजबजलेली असतात. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तेथे पावसाचे महिने आहेत, तेव्हा छत्री आणि एखादा मोकळा दिवस हाताशी ठेवावा.

गाडीचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. क्रीटमध्ये रेल्वे नाही. उत्तर किनाऱ्यावरील हानिया, रेथिम्नो आणि इराक्लिओ यांना जोडणारी बससेवा चांगली आहे, परंतु बेटाचे खरे वैभव असलेली डोंगरातली गावे आणि दक्षिण किनारा सवडीने पाहायचा तर स्वतःची गाडी हवीच, आणि ते रस्ते वळणावळणांचे आहेत. सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर मेसिना, ताओर्मिना, कातानिया, सिराकुझा अशी रेल्वे बराच काळ समुद्राच्या कडेकडेने जाते. रोमहून येणाऱ्या रात्रीच्या गाडीचे डबे तर मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी सुटे करून जहाजाच्या पोटातील रुळांवर चढवले जातात आणि पलीकडे उतरवून पुन्हा जोडले जातात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सिसिलीच्या बाजूने हा मुद्दा निर्णायक ठरावा.

सिसिलीचे क्षेत्रफळ मात्र सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे क्रीटच्या तिपटीहून अधिक आहे. दोन आठवड्यांत संपूर्ण बेटाला वळसा घालण्याच्या नादात निवांतपणा हरवतो. पूर्व किनाराच घ्यावा आणि ओर्तिजिया या सिराकुझाच्या जुन्या भागात मुक्काम लांबवावा. तेथील कॅथीड्रलच्या भिंतींत इ. स. पू. पाचव्या शतकातील, ग्रीक देवी अथीनाच्या मंदिराचे डोरिक (जुन्या ग्रीक शैलीचे) स्तंभ आजही उभे दिसतात. मधली जागा भरून मंदिराचेच चर्च केले गेले. क्रीटमधील क्नोसोसचा राजवाडा त्याहून कितीतरी प्राचीन आहे, पण पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हन्स यांनी १९०० मध्ये उत्खनन सुरू केल्यानंतर त्यातील काही भाग काँक्रीटमध्ये पुन्हा उभारले, हे ठाऊक असावे. इराक्लिओचे संग्रहालय आधी पाहिले तर तो राजवाडा अधिक समजतो.

शाकाहारी माणसाची दोन्हीकडे आबाळ होत नाही. पालेर्मोत हरभऱ्याचे पीठ शिजवून, पाटवडीसारखे थापून, कापून तळतात आणि पावात घालून देतात. त्याला पानेल्ले म्हणतात. क्रीटमध्ये टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह तेल घातलेला जवाचा कडक पाव, म्हणजे दाकोस, आणि उकडलेल्या रानभाज्या मिळतात. रोजच्या साध्या जेवणात मला क्रीट उजवे वाटते.

गाडी चालवणारे कोणी असेल आणि ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे मोकळे असतील, तर क्रीट घ्यावे. एरवी कातानियाचे तिकीट काढावे आणि पालेर्मो वेगळ्या प्रवासासाठी राखून ठेवावे.