पोकर चिप्सचा सेट: चार महिने वापरून लिहितोय

महाद्वार रोडवर एका दुकानातनं 300 चिप्सचा (डावात पैशांऐवजी लावायच्या गोल चकत्यांचा) सेट घेतला. चिप्स लई भारी, वजनदार, सोबतची पानं मात्र पातळ, आठवड्यात कोपरे दुमडले.

शनिवारी राजारामपुरीत आम्ही चौघं बसतो, पैसा अजिबात नाही, प्रत्येकी 75 चिप्स आणि संपल्या की उठायचं. हा नियम पाळणंच सगळ्यात अवघड बघा. परवा माझ्याकडं एक्क्यांची जोडी, समोर राजांची, आणि शेवटच्या पानाला तिसरा राजा आला, तीन राजे जोडीपेक्षा भारी, त्यामुळं माझ्या निम्म्या चिप्स गेल्या. अशा डावात एक्केवाला 100 पैकी साधारण 82 वेळा जिंकतो, म्हणजे 18 वेळा हरणारच, हे मला पाठ आहे तरी डोकं असं फिरलं की पुढं सत्ती-दुर्रीसारखी फालतू पानं पण सोडली नाहीत, नुसतं वसूल करायचं म्हणून खेळत राहिलो. यालाच टिल्ट म्हणतात. पानं टाकून गप्प बसणं हेच खरं कौशल्य आहे असं माझं मत झालंय.

आता मोठा डाव गेला की मी दोन डाव बाहेर बसतो, चहा ठेवतो, आणि चिप्स समोर रचलेल्या दिसतात त्यामुळं किती गेलं ते डोळ्यांना कळतं, मोबाईलवर तसं होत नाही. सेट घ्या, पानं तेवढी प्लास्टिकची वेगळी घ्या.